पहिले वाक्य

माघ पौर्णिमेच्या सुमारास दरेकसा स्थानकावर उतरून धनेगावच्या दिशेने चालू लागले की एक गोष्ट लगेच लक्षात येते. अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात कशी करावी, हा प्रश्न येथे कोणालाच पडत नाही. समोरून येणारा म्हातारा हात जोडून ‘जय सेवा’ म्हणतो, आपणही ‘जय सेवा’ म्हणतो आणि बोलणे सुरू होते. तो आदिलाबादकडचा असेल, बालाघाटचा असेल, बस्तरमधला असेल. त्याची मराठी आपल्याला कळेलच असे नाही आणि आपल्याला गोंडी येत नाही. पण पहिला शब्द तयार असतो, आणि तो दोघांसाठी एकच असतो. कोण मोठा, कोण लहान, कोणी आधी बोलावे, हा हिशेब त्यात नाही.

सालेकसा तालुक्यातले कचारगड हे गोंड समाजाचे मोठे श्रद्धास्थान. माझे एक सहकारी इतिहास शिकवतात. ते स्वतः गोंड आहेत आणि दरवर्षी यात्रेला जातात. ‘मॅडम, लोकसाहित्याचा पेपर शिकवता आणि वीस कोसांवरची यात्रा पाहिली नाही?’ असे त्यांनी दोनतीनदा सुनावल्यावर एका वर्षी मी त्यांच्याबरोबर निघाले. सप्तरंगी ध्वज, पिवळे फेटे, पुस्तकांची आणि गोंडी दिनदर्शिकांची दुकाने, जंगलातून डोंगरावर चढत जाणारी माणसांची रांग, हे सारे मी वहीत टिपून घेत होते. प्राध्यापकाच्या हातात वही असली की त्याला कोणाशी बोलावे लागत नाही. वहीचा हा उपयोग मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

चढणीच्या सुरुवातीला एका झाडाखाली टेकले असताना समोर एक बाई येऊन उभी राहिली. तिशीच्या आसपासची, साधी सुती साडी, हातात पाण्याची बाटली. ‘जय सेवा मॅडम. पाणी घेता?’ ती म्हणाली. ‘पाणी’ या शब्दातला ‘ण’ तिने जरा जास्तच ठसक्यात उच्चारला. मी बाटली घेतली, आभार मानले, आणि ती कोण हे मला आठवेना. ती हसली. ‘ओरखलं नाई ना? बी.ए. सेकंड इयर. मागच्या बाकावर.’

मग ओळख पटली, आणि त्याबरोबर आणखीही काही आठवले.

येथे एक खुलासा करायला हवा. तिचे नाव मी देणार नाही. गावाचा उल्लेख टाळला आहे आणि काही बारीकसारीक तपशील मुद्दाम बदलले आहेत. ‘लिवा, पण माही आई वाचन असं नोका लिवू,’ एवढी एकच अट तिने घातली होती. आई वाचणार नाही याची खात्री मी देऊ शकत नाही. आईला वाचताना लाज वाटू नये एवढी काळजी मात्र घेतली आहे.

ती आमच्या महाविद्यालयात होती त्याला आता बरीच वर्षे झाली. आवाज चांगला, पाठांतर चांगले, स्नेहसंमेलनात नाचायला पुढे. एकदा वर्गात उतारा वाचायला मी तिला उभे केले. ती ‘पानी’ म्हणाली. मी थांबवले. ‘पाणी. ण. जीभ वर वळव.’ तिने पुन्हा वाचले, पुन्हा ‘पानी’. वर्ग हसला. मी तिच्याकडून तो शब्द पाच-सहा वेळा म्हणवून घेतला असेल. मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. मराठीच्या प्राध्यापकाचे ते कामच, अशी माझी समजूत होती. त्यानंतर तिने वर्गात तोंड उघडले नाही, आणि पुढच्या वर्षी ती आलीच नाही. मुली अशा अधूनमधून येईनाशा होतात. लग्न झाले असेल, असे आपण म्हणतो आणि हजेरीपटावर रेघ ओढतो.

तिचे लग्न झाले नव्हते. वडील गेले होते आणि घरी धाकटी भावंडे होती. ती झाडीपट्टीच्या नाटकात गेली.

झाडीपट्टी बाहेरच्या वाचकाला ठाऊक असेलच असे नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या भाताच्या पट्ट्यात धान घरी आले की मंडई भरतात, शंकरपट होतात आणि त्या निमित्ताने रात्रभर नाटके चालतात. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या व्यवसायाचे ठाणे. दिवाळीनंतर सुरू झालेला हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांनाही तिचे नाव छापावे लागले. नाटकात लावणी, नृत्य हवेच असते. तिला एका मंडळीत नाचाचे काम मिळाले. पैसे ‘नाईट’वर.

‘थेटरात बोलाचं काईच नव्हतं,’ ती सांगत होती. ‘नाचाचं आनि मांग सराचं. कोनी बक्षीस देल्लं का माईकवाला नाव सांगे, आपन हात जोडाचे, झालं. मंधात माईक असे.’

ते ‘मंधात’ मी वहीत लिहून घेतले. ते किती महत्त्वाचे आहे, हे मला पुढे तिच्याच बोलण्यातून कळले.

दोन हंगाम झाडीपट्टीत काढल्यावर एका मैत्रिणीच्या ओळखीने ती मुंबईच्या बाजूला गेली. तिथल्या एका ऑर्केस्ट्रा बारमध्ये ती कामाला लागली. नाव ‘गायिका’, पण गाणारी एखादीच. बाकीच्या मुली माईक हातात धरून रांगेने उभ्या. नाचायला परवानगी नाही.

या ‘परवानगी नाही’मागचा इतिहास थोडक्यात सांगतो येतो. २००५ साली महाराष्ट्र शासनाने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्स बारवर बंदी घातली. तीन तारांकित व त्यावरची हॉटेले मात्र तीतून वगळली. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्यावर शासनाने २०१४ साली पुन्हा कायदा बदलला, २०१६ साली स्वतंत्र कायदा आणला, आणि १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या अनेक अटी काढून टाकल्या. सीसीटीव्हीची सक्ती गेली; नोटा उधळण्यावरची बंदी राहिली, पण नर्तकीला बक्षिसी देता येईल असे ठरले. चौदा वर्षे शासन, न्यायालय आणि विधिमंडळ नाचाचा, नोटांचा, कॅमेऱ्याचा आणि अंतराचा विचार करत होते. त्या दालनात रोज रात्री प्रत्यक्षात जे घडते, म्हणजे एक परकी मुलगी एका परक्या पुरुषाशी बोलायला लागते, त्याचा विचार या कागदपत्रांत कुठे असणार? आणि नाच काढून घेतला की उरते ते बोलणेच. शरीराने जे काम केले असते ते आता जिभेला करावे लागते. ‘नाचनं सोपं होतं मॅडम,’ ती म्हणाली. ‘बोलाची सुरुवात करनं, हेच खरं काम.’

पहिले अकरा दिवस ती कोणाशीही बोलली नाही. व्यवस्थापक वैतागला. उभे राहण्याचे पैसे नव्हतेच. बक्षिसीतला वाटा हीच कमाई, आणि बक्षिसी बोलणाऱ्या मुलीकडे जाते. बाराव्या दिवशी तिने एका माणसाला ‘कसे आहात?’ असे विचारले. वाक्य तिने दूरचित्रवाणीवरच्या मालिकेतून उचलले होते. तो ‘मजेत’ म्हणाला आणि मोबाइलमध्ये पाहू लागला. तिथे तिच्याहून वयाने मोठी एक बाई होती, सगळ्या मुली तिला दीदी म्हणत. ती आग्र्याकडची. तिने मुलीला बाजूला घेऊन सांगितले, की ज्या प्रश्नाला एकच उत्तर असते तो विचारायचा नाही, त्याने बोलणे सुरू होत नाही, संपते. पैशाचे बोलायचे नाही. बायकोमुलांचे तर नाहीच. ते त्याचे त्याला बोलायचे असेल तेव्हा तो बोलेल. सर्वांत मोठ्याने हसणाऱ्याकडे जायचे नाही, बहुधा पैसे दुसराच देणार असतो. आणि स्वतःचे नाव, गाव विचारतीलच, तेव्हा नाव कोणतेही सांगावे, पण गाव मात्र आपल्या बोलीला शोभेल असेच सांगावे; कारण नाव खोटे पडत नाही, बोली खोटी पडते.

भाषाविज्ञानाच्या पेपरात ही गोष्ट मी इतक्या कमी शब्दांत कधी सांगू शकले नव्हते.

पुढे एका रात्री समोर बसलेल्या एका साध्याशा माणसाला ठसका लागला. तिच्या तोंडून आपोआप निघाले, ‘पानी सांगू का?’ तो खोकता खोकता हसला. म्हणाला, ‘पानी नाही गं, पाणी. कुठली तू?’ तिने ‘नागपूरकडची’ असे सांगितले. मग तो तासभर बसला. नागपूर, संत्री, उन्हाळा, त्याची तिकडे झालेली बदली आणि मधूनमधून तिचे उच्चार, असे सगळे विषय झाले. जाताना त्याने त्या महिन्यातली तिची सर्वांत मोठी बक्षिसी दिली.

‘तो पाणी-पाणी करत होता ना,’ ती म्हणाली, ‘तवा मले तुमची आठवन आली मॅडम.’

मी हातातल्या बाटलीचे झाकण लावत होते. ते नीट बसेना.

ती रागाने बोलत नव्हती. तिच्या दृष्टीने तो तिला लागलेला एक व्यावसायिक शोध होता आणि तो ती एका जाणकाराला सांगावा तसा मला सांगत होती. ‘त्या दिवसी मले समजलं. मान्साले आपली चूक दाखवाले द्या, तो बसते. ज्याले काई शिकवाले भेटलं, तो लवकर उठत नाई.’ त्यानंतर तिने ‘पानी’ सोडले नाही. ‘ण’ तिला तोवर उत्तम येऊ लागला होता. माझ्यापुढे तिने तो मघाशीच म्हणून दाखवला होता. पण कामावर ती मुद्दाम ‘पानी’ म्हणे, आणि दहांतले सात जण तिला सुधारत.

मी गेली वीसेक वर्षे एम.ए.च्या वर्गाला शाहिरी काव्य शिकवते. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ. लावणीत स्त्री बोलते, असे मी सांगते. ती सख्याला, रायाला, राजसाला उद्देशून बोलते. तिचे बोलणे धीट आहे, आर्जवी आहे, लटक्या रागाचे आहे. शब्द लिहिणारा पुरुष, ऐकणारा पुरुष आणि मध्ये ते आपले करून म्हणणारी स्त्री, हेही मी सांगते. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांची गोष्ट सांगते. एवढे सांगूनही, ते गाणे सुरू होण्याच्या आधी त्या स्त्रीने समोरच्याशी काय बोलणे केले असेल, असा प्रश्न मला कधी पडला नाही. पुस्तकात लावणी ध्रुपदापासून सुरू होते. माडीवर किंवा थिएटरात ती ध्रुपदापासून सुरू होत नाही.

कचारगडहून परतल्यावर भूषण कोरगावकर यांचे ‘संगीतबारी’ हे २०१४ साली आलेले पुस्तक मी पुन्हा काढले. कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांनी २००८ साली याच कलावतींवर ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपटही केला होता. पहिल्या वाचनात मी त्यात लावणी शोधली होती. या वेळी बोलणे शोधले. चौफुला, मोडनिंब अशा ठिकाणच्या थिएटरांत एकेका पार्टीचा संसार असतो. पार्टीची मालकीण बहुधा बाईच, तिच्या बहिणी, भाच्या, मुली, शिवाय ढोलकीवाला, तबलजी, पेटीवाला. तिकिटाच्या कार्यक्रमात एकामागून एक पार्ट्या रंगमंचावर येतात आणि ज्याला एखाद्या पार्टीचे गाणे वेगळे ऐकायचे असेल तो बैठक ठरवतो. या जगात येणाऱ्या माणसाला ‘पाव्हणं’ म्हणतात. पाहुणा हा शब्द साधा नाही. पाहुण्याला मर्यादा असतात, त्याची ऊठबस करावी लागते, पण तो घर आपले समजू शकत नाही. बारमध्ये याच माणसाला ‘साहेब’, ‘शेठ’ म्हणतात. साहेबाला मर्यादा नसतात, त्या समोरच्याला असतात.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. या घरांत मुलींच्या वाट्याला काय येते, ते किशोर शांताबाई काळे यांचे १९९४ सालचे ‘कोल्हाट्याचं पोर’ वाचलेल्याला पुन्हा सांगायला नको. मुलीच्या आयुष्याचा सौदा घरचीच माणसे करतात, हे त्या पुस्तकाने मराठी वाचकाला डोळे उघडे ठेवून पाहायला लावले. पण एवढे मात्र खरे, की त्या बैठकीत नवखी मुलगी पहिल्या दिवशी एकटी बोलायला बसत नाही. बोलणे मालकीण करते. काय ऐकायचे, कोणते ऐकायचे, पाहुणे कुठले, जेवण झाले का, हे सारे तीच विचारते. मुलगी मागे बसून ऐकते, आणि ऐकत ऐकत शिकते. पुढे बोलायची वेळ आली तरी मध्ये गाणे असते. बैठकीची लावणी म्हणजे तर बोलण्याचीच कला. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) बसल्या जागी एकाच ओळीवर एकामागून एक अदा करीत. तीच ओळ कधी विनवणी होई, कधी टोमणा, कधी नकार. ऐकणाऱ्याला जे हवे ते त्याने घ्यावे, पण शब्द शाहिराचे. बोललेले अंगावर आले तर गाण्याच्या आड जाता येते.

तमाशाच्या गवळणीतही हेच आहे. कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी थांबतात. पण कृष्णाशी हुज्जत घालायला पुढे होते ती मावशी. तिचे काम करणारा असतो पुरुष. अडवणारा आणि अडवलेली यांच्यामध्ये एक वयस्क, फटकळ, कोणालाही न घाबरणारे माणूस हवे, हे ज्याने पहिल्यांदा योजले त्याला फड चांगला ठाऊक असला पाहिजे. आमच्या पूर्व विदर्भातली खडी गंमत मी लहानपणी पाहिली आहे. तिथे तर नाच्याच पुरुष, त्यामुळे समोरच्याने काही बोलले तर तो दुप्पट ऐकवी आणि सगळी मंडई हसे.

झाडीपट्टीत मध्ये माईक होता, बैठकीत मालकीण आणि गाणे, गवळणीत मावशी. बारमध्ये त्या मुलीच्या आणि त्या माणसाच्या मध्ये काही नव्हते. दीदी शिकवायला होती, पण बोलायला नव्हती. म्हणून तिने स्वतःच एक आडोसा शोधून काढला: एका शब्दाची चूक. ती चूक पुढे करून ती मागे उभी राहू शकत होती. समोरच्याला वाटे, ही भोळी आहे, आपण हिला शिकवतो आहोत. ‘त्याले वाटे तो वर हाय. वर बसलेला मानूस खाली पाहून बोलते, आंगाशी येत नाई,’ ती म्हणाली. ‘आनि उठाचं असलं का म्हनाचं, सायेब, आता माहा नंबर. गान्याले कोनी नाई म्हनत नाई.’ सुरुवातीपेक्षा शेवट कठीण, असे तिचे मत होते. सुरुवात चुकली तर एक रात्र जाते. शेवट चुकला तर माणूस दाराबाहेर वाट पाहत थांबतो.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, बार बंद झाले आणि ती गावी परतली. पुन्हा गेली नाही. आता हंगामात झाडीपट्टीत काम करते आणि जानेवारीत शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुलांचे नाच बसवते. कचारगडला ती आईबरोबर दरवर्षी येते. मुंबईत असताना तेवढी एकच रजा ती मागून घेत असे. ‘इथं काई शोधा नाई लागत,’ ती म्हणाली. ‘जय सेवा म्हनलं का झालं.’

आम्ही तिघे वर गेलो. कचारगडची गुहा प्रचंड आहे. आत माणसे लहान दिसतात, आणि वरच्या भगदाडातून उजेड खाली उतरतो. माझ्या सहकाऱ्यांनी तिथली कथा सांगितली. सांगणाऱ्यागणिक तिचे तपशील थोडे बदलतात. काली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली होती, तोंडावर मोठी शिळा होती. रायताड जंगो आणि पारी कुपार लिंगो त्यांना सोडवायला झटले. हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाने बाहेर वाद्य वाजवले, ते ऐकून आतल्या मुलांच्या अंगात बळ आले आणि शिळा हलली. पण तिच्याखाली सापडून वादक मात्र गेला. कथा संपल्यावर ती हळूच म्हणाली, ‘आतल्या लेकराईले त्यानं पयले वाजवून दाखवलं. बोला असं नाई म्हनलं.’ तिच्या मनात काय होते, ते मला ठाऊक नाही. मी मात्र त्यात माझ्या वर्गातली ती दुपार ऐकली.

त्या दुपारबद्दल मी तिची माफी मागावी असे मला खाली उतरताना सारखे वाटत होते. वाक्य जुळत नव्हते. ‘तेव्हा माझे चुकले’ असे म्हणावे, तर ती ‘जाऊ द्या मॅडम’ म्हणणार; तो एकच उत्तर असलेला प्रश्न झाला. वर्गात, परीक्षेच्या दालनात, मुलाखतीच्या मंडळात मी कधी बोलायची अडले नाही, कारण तिथे पहिले वाक्य बोलण्याचा अधिकार मला पगाराबरोबर मिळालेला असतो. तो नसलेल्या जागी, एका झाडाखाली, तोंड उघडले ते तिने. धनेगावच्या थांब्यावर बस आली आणि मी एवढेच विचारले, की तुमच्याकडे डोळ्याला काय म्हणतात? ‘डोरा,’ ती म्हणाली. ‘तुमाले मायीत हाय.’ मला ठाऊक होते. तरीही मी वहीत लिहून घेतले, आणि तिने तो शब्द मला पुन्हा एकदा, सावकाश म्हणून दाखवला. ती काय करते आहे आणि मी काय केले आहे, हे दोघींनाही कळत होते.

प्रमाण भाषा शिकवू नये, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ‘ण’ आला नाही तर आमच्या मुलांना मुलाखतीत हसतात, हे मी पाहिले आहे, आणि त्या हसण्यापासून त्यांना वाचवणे माझ्या नोकरीत येते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी आयुष्यभर काम केले, तिचा शब्दकोश सिद्ध केला. त्या बोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत ही काही जिभेची चूक नव्हे, हे आम्हां अभ्यासकांना त्यांनी केव्हाच सांगून ठेवले आहे. ते मी टिपणात लिहीत होते आणि वर्गात मुलीला उभे करून जीभ वळवायला लावत होते. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या असतील.

यंदा शाहिरी काव्याच्या पहिल्या तासाला मी पुस्तक उघडले नाही. लावणी सुरू होण्याआधी बैठकीत काय बोलत असतील, असे वर्गाला विचारले. मुले बराच वेळ गप्प होती. मग आमगावकडच्या एका मुलाने मावशीची नक्कल केली, एका मुलीने तिला कृष्ण होऊन उत्तर दिले आणि दहा मिनिटे वर्गात नुसता गोंधळ झाला. ‘न’ आणि ‘ण’ची सरमिसळ भरपूर होती. तास संपल्यावर तो मुलगा टेबलाशी आला. ‘मॅडम,’ त्याने विचारले, ‘मी बोललो ते बराबर होतं ना?’

‘बराबर होतं,’ मी म्हणाले. तो गेल्यावर माझ्या लक्षात आले, की त्याने ‘बराबर’ म्हटले होते आणि मीही.